सिमसिमियासाठी ठोकलेला खिळा

शुरूक : ...पण आजोबा, मी जी तार दाबतेय तीच वाजत नाही! बाकीच्या चारही कोकलतायत आणि मला हवी ती नेमकी मुकी. तुमच्या या पाचतारी सिमसिमियात काहीतरी बिघडलंय.

झगलूल : नाचता येईना, अंगण वाकडं.

शुरूक : असं काय हो! ही बघा, दुसरी तार. घट्ट दाबली. आता छेडते. ऐकलंत? ठप्प!

झगलूल : ऐकलं. खालच्या मासळीवाल्यानंही ऐकलं असेल. ठेव ती. कपाटातून काढायला कुणी सांगितली होती तुला?

शुरूक : कुणी कशाला सांगायला हवं? चार वर्षं ऊद वाजवतेय मी. उस्ताद म्हणतात, अख्ख्या पोर्ट सईदमध्ये माझ्याएवढी स्वच्छ बोटं कुणाची नाहीत. तारांशी माझी काय आजची ओळख आहे? आणि हिला तर अवघ्या पाचच... अहो, तुम्ही हसताय!

झगलूल : खोकला आला.

शुरूक : खोकताना दात दिसत नाहीत. बोटं आखडल्यापासून पहिल्यांदा हसलात तुम्ही. थांबा, आईला बोलावते.

झगलूल : गप बस गं. हसू नको तर काय करू? अशीच फजिती एका ऊदवाल्याची झाली होती आमच्या बैठकीत. कैरोहून आला होता, अंगात सूट. मोठ्या ऐटीत सिमसिमिया मांडीवर घेतली आणि लागला डाव्या हातानं तारा दाबायला. चहाखान्यातले सगळे कोळी पोट धरधरून हसले. अगं येडे, ऊदावर डावा हात सूर काढतो. इथं डावा हात सूर झाकतो.

शुरूक : झाकतो?

झगलूल : उजवा हात पाचही तारांवरून एकदम फिरवायचा. डाव्या हाताची बोटं मागून टेकवायची, ज्या तारा नकोत त्यांच्यावर. जिला बोलू द्यायचंय तिच्यावरचं बोट उचलायचं. तू नेमकं तिचंच तोंड दाबतेस.

शुरूक : म्हणजे उलटंच की सगळं! थांबा हं. सगळी बोटं टेकवली. ही उचलली... वाजली! आता ही उचलायची, ती टेकवायची... आजोबा, वाजतेय! अहो, वाजतेय ही! बाई गं, काय आवाज आहे! ऊद कसा एकटा बसून बोलतो. ही म्हणजे एका स्वयंपाकघरातल्या पाच जावा! चौघींना गप्प करावं तेव्हा कुठे पाचवीचं ऐकू येतं. आणि त्या चौघीही पूर्ण गप्प नाहीत, खालून कुजबुजतातच!

झगलूल : कुजबुजू दे. ती कुजबुज गेली तर मग मजाच काय राहिली? मनगट सैल सोड. माशी हाकलायची असते तसं. हां. आता बरं. ...पुरे झालं. दे इकडे.

शुरूक : देणार नाही.

झगलूल : शुरूक!

शुरूक : मला शिकायचीय. आत्ता, आज, या क्षणापासून. मला इतकं छान कधी वाटलं नव्हतं हो! पहिल्यांदा ऊद हातात घेतला तेव्हासुद्धा नाही. माझ्या पोटात नुसत्या उड्या चालल्यात, हात लावून बघा हवं तर.

झगलूल : उड्या मार नाहीतर कोलांट्या. बुधवारी खमीस येऊन घेऊन जाणार आहे ती.

शुरूक : घेऊन म्हणजे? कुठे?

झगलूल : दरवीशच्या चहाखान्यात. भिंतीवर.

शुरूक : त्या भिंतीवर? मेलेल्यांच्या सिमसिमिया टांगतात तिथे? तुम्ही तर धडधाकट माझ्यासमोर बसलाय!

झगलूल : मेलेल्यांच्या नव्हे, थांबलेल्यांच्या. बैठकीचा रिवाज आहे तो. वाजवणारा थांबला की त्याचं वाद्य भिंतीवर जातं, आणि भिंतीवर गेलेलं कधी खाली उतरत नाही. त्यात कमीपणा नाही काही. मान आहे.

शुरूक : मान कसला डोंबलाचा! धूळ आहे नुसती. मी पाहिल्यात ना त्या. एकीत तर चिमणीनं घरटं केलंय.

झगलूल : मग माझ्या या बोटांनी काय करू? चहाचा पेला धरवत नाही धड. कपाटात सडण्यापेक्षा तिथं बरी. चार माणसं बघतील तरी.

शुरूक : तुम्ही बैठकीला जात का नाही हो? गातात सगळे, टाळ्या वाजवतात. तेवढं तर जमेल तुम्हाला.

झगलूल : आयुष्यभर मधल्या खुर्चीवर बसलो मी. आता कडेला बसून टाळ्या वाजवू? दुसऱ्याच्या तालावर? नाही जमायचं. ऐकवतच नाही मला. म्हणून तर म्हणतो, जाऊ दे एकदाची.

शुरूक : आणि मधल्या खुर्चीवर कोण बसणार?

झगलूल : दमिएत्ताचा कुणी पोरगा आणलाय खमीसनं. ऑर्ग वाजवतो, विजेवरची पेटी. बटणं दाबली की ढोल वाजतो, बासरी वाजते, लोकांच्या टाळ्यासुद्धा वाजतात म्हणे.

शुरूक : टाळ्यासुद्धा? मग लोकांनी काय तिथे फक्त चहा प्यायचा? ते काही नाही. मी बसणार त्या खुर्चीवर.

झगलूल : उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! अजून एक चाल येत नाही आणि म्हणे खुर्चीवर बसणार.

शुरूक : बुधवारपर्यंत येईल. उलटं आहे एवढंच ना? बोटं माझी तयार आहेत, फक्त त्यांना उलटं शिकवायचंय. तुम्ही मला बोटीचं गाणं शिकवा. आणि ते जहाजाच्या भोंग्याचं.

झगलूल : मी शब्द दिलाय खमीसला.

शुरूक : शब्द बुधवारचा आहे ना? बुधवार अजून लांब आहे. चला, बसा समोर. हो, आणि तारा मी नीट लावून घेतल्यात. फारच उतरल्या होत्या. मोबाइलवर बघून लावल्या, केसभर इकडेतिकडे नाही.

झगलूल : ते आलं माझ्या कानावर. वर गेल्यात.

शुरूक : वर नाही हो, सुरात गेल्यात.

झगलूल : कुणाच्या?

शुरूक : कुणाच्या काय? सूर तो सूर. कैरोत तोच, पोर्ट सईदमध्ये तोच.

झगलूल : बरं बाई. तसं तर तसं.

(मग काय विचारता! शुरूकनं सगळं घर डोक्यावर घेतलं. ऊद खोळीत गेला तो गेलाच. कांदा चिरताना तिची डावी बोटं पाटावर नाचायची, आणि फेरीबोटीतून पोर्ट फुआदला जाताना लोखंडी कठड्यावर. ‘ऐकवत नाही’ म्हणणारे आजोबा आधी आतल्या खोलीतून ‘चूक!’ म्हणून ओरडायचे, मग दारापर्यंत यायला लागले, आणि शेवटी खुर्ची ओढून तिच्या समोरच येऊन बसले. बुधवारी तिसऱ्या प्रहरचा नमाज झाला आणि बैठकीत गाणारे खमीसकाका जिना चढून वर आले. जहाजांना होडी लावून माल विकण्यात त्यांचा जन्म गेला, त्यामुळे घरातल्या माणसाशीसुद्धा ते डेकवरच्या माणसाशी बोलावं तसे बोलत.)

खमीस : झगलूल! अरे आहेस का मेलास? जिन्यावरचा दिवा गेलाय तुमच्या. कुठाय ती तुझी म्हातारी सिमसिमिया? दरवीशनं भिंत धुऊन काढलीय. खिळा मी स्वतः ठोकला, हा एवढा लांब. उद्या लोक जमतील, फातिहाची प्रार्थना म्हणू, सरबत वाटू, टांगू. झकास!

झगलूल : बस तरी आधी. शुरूक, चहा ठेव.

शुरूक : चहा ठेवलाय आधीच. खमीसकाका, सिमसिमिया मिळणार नाही.

खमीस : आँ? ही काय म्हणते?

शुरूक : मी म्हणते, ती मी वाजवणार. उद्या. मधल्या खुर्चीवर बसून.

खमीस : हा हा हा! झगलूल, नात तुझी मोठी गमतीची आहे. बाळ, तुझा तो ऊद बरा. गालिचावर बसायचं, लोक मान हलवतात. आमच्यात कोळी आहेत, हमाल आहेत, तंबाखूचा धूर आहे. मधोमध पोरगी बसलेली बघितली का कधी?

शुरूक : सिमसिमिया काय दाढीनं वाजवतात?

झगलूल : शुरूक, जीभ आवर.

खमीस : बोलू दे, बोलू दे. आजीवर गेलीय. पण ऐक, ती सिमसिमिया काही एकट्या तुझ्या आजोबांची नाही. लढाईत शहर रिकामं केलं आपलं, तेव्हा आम्हाला नेऊन टाकलं एका खेड्यात. ना समुद्र, ना मासळी. नुसत्या म्हशी! हा रोज संध्याकाळी कालव्याकडे तोंड करून रडायचा. मग यानं तुपाचा डबा घेतला, त्यावर चामडं ताणलं. आणि तारा कुठनं आणल्या? माझ्या सायकलच्या ब्रेकच्या! सकाळी मी उतारावरनं निघालो, ब्रेक दाबला, तर ब्रेक कुठाय? म्हशीच्या हौदात जाऊन पडलो सरळ.

झगलूल : पडलास म्हणून तर पहिलं गाणं सुचलं.

खमीस : तेव्हा अर्धी माझी आहे ती. माझ्या अर्ध्या हिश्श्याचं म्हणणं आहे की भिंतीवर जावी.

शुरूक : चालेल. तुमच्या अर्ध्या हिश्श्याला आधी ऐकवते. नाही आवडलं तर मी स्वतः नेऊन टांगीन, खिळ्यापर्यंत शिडी लावून.

खमीस : बघ हं! शब्द दिलास.

झगलूल : शुरूक, विचार करून बोल जरा.

शुरूक : केलाय. हातच्या काकणाला आरसा कशाला? काका, बोटीचं गाणं. तुम्ही गा, मी वाजवते.

खमीस : मी? चहा तरी पिऊ दे. ...बरं, चल. वाजव. हं... हं! अरे! मनगट बघ पोरीचं! झगलूल, तुझंच मनगट आहे रे हे. बरं, घेतो मी. ‘वाऱ्या रे, घरी सांग माझ्या, नांगर पडला दूर गं... वाऱ्या रे, घरी सां... सांग...’ अहं. अहं. चहात वेलची कुणी टाकली?

शुरूक : वेलची नाहीये काका.

खमीस : मग पुदिना असेल. घशाला लागलं काहीतरी. पुन्हा घे. ‘वाऱ्या रे, घरी सांग माझ्या, नांगर पडला दूर गं... वाऱ्या रे...’ छे! हे काय होतंय? काल त्या ऑर्गवाल्यासमोरही असंच झालं. तो शेंबडा मला म्हणतो, ‘काका, वर या, वर या.’ आता वर कुठं येऊ? डोलकाठीवर चढू? ...बरं झालं ना तुझं ऐकवून? आण इकडे ती. निघतो मी.

शुरूक : थांबा. एकच मिनिट. आजोबा...

झगलूल : माझ्याकडे काय बघतेस? मी काही बोललो नाही.

शुरूक : खिडकीबाहेर काय आहे हो एवढं?

झगलूल : जहाज चाललंय.

शुरूक : हं. मला कळलं. तुम्ही विचारलं होतंत, ‘कुणाच्या?’ आणि मी शहाणी तुम्हाला मोबाइल दाखवत होते.

खमीस : काय पुटपुटतेस? आणि तारा का सोडतेयस? ए! चांगली लागलेली उतरवतेयस कशाला?

शुरूक : काही नाही काका. हवेनं तारा चढल्यात जरा. ऊन फार आहे ना आज.

खमीस : उन्हानं?

शुरूक : हो. झालंच. ही शेवटची. आता घ्या, सावकाश घ्या. मी आहे साथीला.

खमीस : ‘वाऱ्या रे, घरी सांग माझ्या, नांगर पडला दूर गं... वाऱ्या रे, सांग माझ्या आईला, चुलीवर ठेव भात गं... परतीची ओहोटी लागली, आलो, आलो मी...’

शुरूक : आलो, आलो!

खमीस : ‘दिवा लाव दारात गं!’ हा! हा असा! बघितलंस? गेली वेलची! झगलूल, ऐकलंस ना रे? चाळिशीतला आवाज लागला की नाही?

झगलूल : लागला.

खमीस : पोरी, हातात जादू आहे तुझ्या. त्या दमिएत्तावाल्याचं मशीन नुसतं... थांब. थांब जरा. उन्हानं तार चढत नाही. उन्हानं तार सैल पडते. होडीवर जन्म काढलाय मी, मला शिकवतेस?

शुरूक : मग दमट हवेनं असेल.

खमीस : दमट हवेनं चामडं सैल पडतं, म्हणजे तरीही उतरायलाच हवी. खोटं बोलतेस तू.

शुरूक : काका, चहा गार होतोय.

खमीस : आणि हेच खोटं मी आधी ऐकलंय. झगलूल, इकडे बघ. जहाज गेलं केव्हाच. दरवर्षी थंडी सुरू झाली की तू तारांचे कान पिळत बसायचास. मी विचारायचो, काय रे? तू म्हणायचास, हवा बदलली. मी म्हणायचो, असेल बाबा. हवा बदलायची आणि मी गायचो, आणि लोक म्हणायचे, खमीस म्हातारा होत नाही, खमीसचा गळा बघा! मी कॉलर ताठ करून फिरायचो गावभर. किती उतरवलीस तू?

झगलूल : हवा बदलली होती.

खमीस : किती, झगलूल?

झगलूल : जेवढी लागली तेवढी. तू गायला हवास. बाकी सूर कुठेही असो, कुणाच्या बापाचं काय जातं?

खमीस : गाढवा. सांगायचंस तरी!

झगलूल : सांगितलं असतं तर तू गायचा थांबला असतास. मग मी तरी काय वाजवलं असतं? तुझ्याशिवाय मला कुठे वाजवता येतं?

खमीस : तुझं घर उजेडानं भरो रे. ...शुरूक, तुझ्या चहात खरंच काहीतरी आहे. डोळ्यांत गेलं माझ्या.

शुरूक : पुदिना असेल.

खमीस : असेल, असेल. बरं, तुला कसं कळलं? यानं सांगितलं?

शुरूक : त्यांनी तर मान फिरवली. तुमचा आवाज जिथे अडला तिथे मला तारा नको तेवढ्या ताठ वाटल्या. कपाटातून काढली तेव्हा त्या का उतरलेल्या होत्या ते मग कळलं. मूर्खपणा माझा. ज्याचं गाणं आहे त्याला न विचारता सूर लावला मी. पुन्हा नाही व्हायचं असं.

खमीस : किती चाली येतात तुला?

शुरूक : तीन. बोटीची पक्की, भोंग्याची बरी, तिसरी अजून लंगडतेय. पण उद्यापर्यंत तीही धावेल.

खमीस : तीन चालींवर बैठक चालते का?

शुरूक : तुम्ही एकेक गाणं किती वेळ गाता ते सगळ्या पोर्ट सईदला ठाऊक आहे. तीन खूप झाल्या.

खमीस : हा हा हा! झगलूल, हिला आवर. बरं, ऐक. उद्या मगरिबच्या नमाजानंतर ये. मधली खुर्ची डुगडुगते, पायाखाली पुठ्ठा घाल. आणि कुणी काही बोललं तर माझ्याकडे पाठव. म्हणावं, वाजवणारी खमीसनं आणलीय.

शुरूक : आणि ऑर्गवाला?

खमीस : त्याला म्हणेन, हवा बदलली.

शुरूक : काका, मी तुमची पापी घेऊ का? आजोबा, ऐकलंत? उद्या! मी! मधली खुर्ची! आई! ए आई, माझा निळा झगा कुठाय?

खमीस : गेली बघ, वाऱ्यासारखी. घर हादरवलं. ...झगलूल, एक अडचण झालीय पण. तो खिळा.

झगलूल : कुठला खिळा?

खमीस : तुझ्यासाठी ठोकलेला. भिंतीत खोल गेलाय. आता काढायला गेलो तर गिलावा पडेल. दरवीश जीव घेईल माझा.

झगलूल : काढू नकोस. असू दे.

खमीस : मोकळाच? त्यावर काय लावायचं?

झगलूल : माझी टोपी. उद्या आलो की आधी टोपी काढून ठेवीन म्हणतो. टाळ्या वाजवताना सारखी डोळ्यांवर येते ती.